टॅमॉक्सिफेन चालू झालंय? मग गर्भपिशवीच्या अस्तराकडे असं लक्ष ठेवा

ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं उरकत आलं की ऑन्को, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, टॅमॉक्सिफेन नावाची एक छोटीशी गोळी लिहून देतात आणि सांगतात की आता ही रोज एक, पाच वर्षं, काहींना दहा. बाहेर येऊन आपण मोबाईलवर गोळीचं नाव टाकतो आणि पहिल्या पाच मिनिटांत "गर्भाशयाचा कॅन्सर" हे शब्द दिसतात. एका कॅन्सरमधून कशीबशी बाहेर पडलेल्या बाईला हे वाचून काय होत असेल ते मला माहीत आहे. माझी गोळी पाळी चालू असताना सुरू झाली, मधल्या काळात पाळी गेली, त्यानंतर एकदा डाग लागला आणि मग सोनोग्राफी, दुर्बीण, बायोप्सी असं सगळं झालं, शेवटी निघाला साधा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब. या सगळ्यात जे डॉक्टरांना विचारून विचारून कळलं ते इथे क्रमाने लिहितेय. तुमचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेणार, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं आणि कुठल्या गोष्टीला घाबरायचं, कुठल्या नाही, एवढं तरी आधी माहीत असावं.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आणि पाळी गेल्यानंतर लाल डाग दिसला, अगदी एकदाच दिसला तरी, तो अंगावर काढायचा नाही.

१. तुमची गोळी नेमकी कुठली आहे ते आधी बघा

"हार्मोनची गोळी" असं सगळ्यांनाच म्हणतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो, कारण या औषधांचे वेगवेगळे प्रकार आहेत आणि पिशवीच्या अस्तरावर त्यांचा परिणाम अगदी उलटा असतो. स्ट्रिपवर कंपनीचं नाव मोठं असतं, त्याच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते वाचा.

टॅमॉक्सिफेन, सहसा २० मिलिग्रॅम रोज. हे इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचं शरीरातलं उत्पादन थांबवत नाही, इस्ट्रोजेन पेशीत जिथे जाऊन चिकटतं ती जागा अडवतं. अस्तर जाड होऊ शकतं ते याच गोळीने.

लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन. या गोळ्या पाळी गेलेल्या बाईच्या शरीरात चरबी वगैरेतून जे थोडं इस्ट्रोजेन बनतं तेच बनू देत नाहीत. अस्तर जाड होत नाही, उलट पातळच राहतं. यांचा त्रास हाडांना आणि सांध्यांना जास्त, त्यामुळे हाडं किती भरीव आहेत ते बघणारा डेक्सा स्कॅन सांगतात.

गोसेरेलिन, ल्युप्रोलाइड ही इंजेक्शनं. गोसेरेलिनचं ३.६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर २८ दिवसांनी पोटाच्या कातडीखाली देतात, ते ओव्हरीचं कामच झोपवून ठेवतं. पहिल्या डोसनंतर काही दिवस हार्मोन उलट वाढतात म्हणून एकदा रक्तस्राव होऊ शकतो, नंतर पाळी थांबते आणि अस्तर पातळ होतं.

तुम्ही लेट्रोझोलवर असाल तर खालचं बरंचसं तुम्हाला लागू नाही, पण रक्तस्रावाबद्दलचं लागू आहे. केमोने पाळी थांबलेल्या काही जणींची ओव्हरी लेट्रोझोल चालू असताना परत जागी होते आणि तसं झालं तर ती गोळी हवं तसं कामच करत नाही. त्यामुळे "पाळी परत आली वाटतं" म्हणून बसून राहू नका, ऑन्कोला कळवा.

२. एकच गोळी दोन ठिकाणी उलटी का वागते ते समजून घ्या

हे समजलं की निम्मी भीती जाते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं टॅमॉक्सिफेन पेशीतली इस्ट्रोजेनची जागा धरून ठेवतं. स्तनाच्या पेशीत ते नुसतीच जागा अडवतं, इस्ट्रोजेनला बसता येत नाही आणि गाठीला खाणं मिळत नाही. पिशवीच्या अस्तरात मात्र त्याच जागी बसून ते इस्ट्रोजेनचंच काम थोडं थोडं करायला लागतं, कारण प्रत्येक अवयवाच्या पेशीत मदतनीस प्रथिनं वेगळी असतात आणि त्यांच्यावर ठरतं की गोळी ब्रेक लावणार की हळूच ॲक्सिलरेटर दाबणार. हाडांमध्ये पण ती इस्ट्रोजेनसारखीच वागते, पाळी गेलेल्या बाईला तिथे त्याचा फायदा होतो.

या औषधाचा इतिहास पण बघा. १९६२ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या डोरा रिचर्डसन या केमिस्ट बाईंनी हे बनवलं, तेव्हा शोध चालू होता गर्भनिरोधक गोळीचा. उंदरांमध्ये गर्भ राहायचा नाही, पण बायकांमध्ये झालं उलटंच, बीज तयार व्हायला मदत व्हायला लागली. गर्भनिरोधक म्हणून फेल गेलेलं हे औषध १९७० च्या दशकात ब्रेस्ट कॅन्सरसाठी मंजूर झालं. १९८८ मध्ये क्रेग जॉर्डन यांच्या टीमने उंदरांमध्ये दाखवलं की हेच औषध स्तनाची गाठ रोखतं आणि गर्भाशयाच्या अस्तराची गाठ वाढवतं, पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या पेशंट्समध्ये पण तसं दिसलं. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने तर टॅमॉक्सिफेनला माणसात कॅन्सर करू शकणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. आणि तेच औषध जागतिक आरोग्य संघटनेच्याच अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे! दोन्ही खरं आहे. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणाऱ्या, ब्रेस्ट कॅन्सरने होणारे मृत्यू पुढच्या पंधरा वर्षांत साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, एवढा मोठा फायदा समोर असतो म्हणून डॉक्टर ती देतात.

३. तुमची पाळी चालू आहे की गेली, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे

मला वाटतं सगळ्यात कमी समजावून सांगितली जाणारी गोष्ट हीच.

अमेरिकेत १३ हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल १९९८ मध्ये आले. त्यात वर्षाला दर हजार बायकांमागे गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत साधारण २.३ जणींना झाला आणि न घेणाऱ्यांत ०.९ जणींना. वाढ मुख्यतः पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये होती, पन्नाशीच्या आतल्यांमध्ये म्हणावी अशी वाढ दिसली नाही. गोळीवरच्या बायकांमध्ये जे निघाले ते पहिल्या स्टेजलाच सापडले, कारण रक्तस्राव झाला की बाई डॉक्टरकडे जाते.

कारण सोपं आहे. पाळी चालू असते तेव्हा स्वतःचं इस्ट्रोजेन भरपूर असतं, गोळीची थोडीशी ढकल त्यात जाणवत नाही आणि दर महिन्याला अस्तर गळून जातं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन नसतं, अस्तर शांत पडलेलं असतं, तेव्हा गोळीची तीच छोटी ढकल मोठी ठरते आणि अस्तर गळून जायची सोयही नसते.

गोळी दहा वर्षं घेतली तर धोका आणखी थोडा वाढतो. पाचवर थांबणाऱ्या आणि दहापर्यंत घेणाऱ्या बायकांची तुलना केली तेव्हा पाचव्या ते चौदाव्या वर्षात अस्तराचा कॅन्सर १.६ टक्क्यांच्या जागी ३.१ टक्के दिसला. ज्यांना पुढची पाच वर्षं सुचवली आहेत त्यांनी हा आकडा डॉक्टरांसमोर ठेवून स्वतःच्या स्टेजप्रमाणे फायदा किती ते विचारावं.

इथे एक सापळा आहे. टॅमॉक्सिफेनने बऱ्याच जणींची पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि आपण समजतो मेनोपॉज आला. नुसती पाळी थांबली म्हणजे मेनोपॉज झाला असं या गोळीवर असताना म्हणता येत नाही, त्यासाठी एफएसएच आणि इस्ट्राडायॉल या रक्ताच्या टेस्ट ऑन्को करायला लावतात. आणि पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत असंही नाही. ही गोळी बीज तयार व्हायला मदत करू शकते, वर इतिहास सांगितला तो याचसाठी. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहिला तर बाळाला धोका असतो, म्हणून हार्मोन नसलेलं साधन, म्हणजे कॉपर टी किंवा निरोध, वापरायला सांगतात. मूल हवं असेल तर गोळी मधे थांबवायचं नियोजन ऑन्कोबरोबर बसून करता येतं, लपवून काही करू नका.

४. गोळी सुरू होण्याआधी किंवा झाल्या झाल्या हे करून घ्या

गायनॅककडे एकदा जाऊन या, जरी काहीच त्रास नसला तरी. आधीचे पॉलिप, फायब्रॉइड, अनियमित पाळी, पीसीओडी काही असेल तर ते तेव्हाच नोंदवलं जातं. पाळी गेलेली असेल आणि आधीपासून अस्तराचा काही प्रॉब्लेम असेल तर सुरुवातीची एक सोनोग्राफी फार उपयोगी पडते, नंतर तुलना करायला काहीतरी असतं. वजन खूप जास्त असेल, शुगर असेल किंवा घरात कमी वयात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेला असेल तर ते मुद्दाम सांगा, या सगळ्यांनी मुळातला धोका वाढतो.

एक वेगळी फाइल करा, कॅन्सरच्या जाड फाइलमधून दर वेळी कागद शोधणं होत नाही. त्यात एवढं हवं:

- बायोप्सीचा आणि आयएचसीचा रिपोर्ट, ज्यात ईआर, पीआर, हर टू (गाठ कशावर वाढते ते सांगणाऱ्या तपासण्या) लिहिलेलं असतं
- ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड
- गोळी सुरू झाल्याची तारीख असलेलं प्रिस्क्रिप्शन
- आधीच्या सगळ्या पोटाच्या सोनोग्राफी, जुन्यातल्या जुन्या पण
- पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाची तपासणी) केला असेल तर तो
- इतर सगळ्या गोळ्यांची यादी, बीपी, शुगर, थायरॉइड, झोपेची, आयुर्वेदिक, होमिओपॅथी सगळं
- एक साधी वही, तारीख आणि डाग किती ते लिहायला
- सरकारी योजनेतून उपचार चालू असतील तर आधार आणि रेशनकार्डच्या झेरॉक्स. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, कुठली तपासणी योजनेत बसते ते तिथेच विचारा, बिल झाल्यावर नको

५. कुठला त्रास नेहमीचा आणि कशाला लगेच जायचं

पांढरं किंवा पाण्यासारखं जाणं टॅमॉक्सिफेनवर खूप जणींना होतं, त्याला वास, खाज किंवा लालसरपणा नसेल तर सहसा काळजीचं नसतं. अंगातून गरम वाफा निघणं, रात्री घाम येणं हेही नेहमीचं.

लगेच जायचं ते यासाठी: पाळी गेलेली असताना लाल, गुलाबी किंवा चॉकलेटी डाग. पाळी चालू असेल तर दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव, किंवा अचानक खूप जास्त आणि लांबलेली पाळी. रक्तमिश्रित पाणी जाणं. ओटीपोटात सतत दुखणं किंवा जडपणा.

"उष्णता झाली असेल", "मूळव्याधीचं असेल", "गौरी-गणपतीत दगदग झाली म्हणून" हे सगळं मी आजूबाजूच्या बायकांकडून ऐकलंय. रक्त कुठून येतंय ते डॉक्टरांना ठरवू दे. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पॉलिप नाहीतर कोरडेपणा, पण ते तपासल्यावरच कळतं.

आणि एक, पायाची एकच पोटरी सुजणं, दुखणं, अचानक धाप लागणं हे अस्तराशी संबंधित नाही पण टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, तेव्हा त्याला थेट इमर्जन्सीला जायचं.

६. सोनोग्राफीतल्या मिलिमीटरला किती महत्त्व द्यायचं

रिपोर्टवर "ईटी" म्हणून अस्तराची जाडी लिहिलेली असते. पाळी गेलेल्या, कुठलीही हार्मोनची गोळी न घेणाऱ्या बाईला रक्तस्राव झाला तर ४ मिमीपर्यंतचं अस्तर बहुतेक वेळा निर्धास्त समजतात. हा आकडा टॅमॉक्सिफेनवरच्या बाईला सरळ लावता येत नाही. ही गोळी अस्तराच्या खालच्या थराला फुगवते, त्यात बारीक बारीक पाण्याच्या पोकळ्या होतात आणि सोनोग्राफीत ते सगळं मिळून जाड अस्तर असल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात दुर्बीण घालून बघितलं तर वरचं अस्तर कितीतरी वेळा पातळ आणि सुकलेलं निघतं. म्हणून ८, १०, १२ मिमी वाचून रात्रभर जागू नका.

याच कारणामुळे, काही त्रास नसलेल्या बाईची दर सहा महिन्यांनी उगाच सोनोग्राफी करत राहू नये असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्यातून कॅन्सर फारसा सापडत नाही, नको त्या बायोप्सी मात्र वाढतात. तरी आपल्याकडे अनेक ठिकाणी वर्षातून एकदा करतात, तुमचे डॉक्टर सांगत असतील तर का ते विचारा, आधी पॉलिप होता किंवा धोका जास्त आहे असं कारण असू शकतं. पण रक्तस्राव असेल तर जाडी कितीही कमी असो, "अस्तर नॉर्मल आहे, घरी जा" एवढ्यावर परत येऊ नका.

सोनोग्राफी करायचीच असेल तर आतून करतात ती, टीव्हीएस, तीच करा. पोटावरून केलेलीत अस्तर नीट दिसत नाही. आतली असेल तर लघवी करून जायचं, पोटभर पाणी पिऊन बसायची गरज नाही. पाळी चालू असेल तर पाळी संपल्या संपल्या करा, तेव्हा अस्तर सगळ्यात पातळ असतं. आणि टेबलावर झोपायच्या आधीच सोनोग्राफीच्या डॉक्टरांना सांगा की मी टॅमॉक्सिफेनवर आहे, किती वर्षं ते पण. चिठ्ठीवर लिहिलेलं असेलच असं धरून चालू नका.

७. बायोप्सी किंवा दुर्बीण सांगितली तर

बायोप्सीची एक बारीक प्लास्टिकची नळी असते, ओपीडीतच आत घालून अस्तराचा तुकडा ओढून घेतात, दोन मिनिटांचं काम. पण तिच्यातून पॉलिप निसटू शकतो आणि टॅमॉक्सिफेनवर पॉलिपच जास्त होतात. म्हणून रक्तस्राव असेल तर बरेच डॉक्टर हिस्टरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने बघूनच तुकडा घेणं, पसंत करतात. नुसतं न बघता क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडून काढणं, करू या म्हणाले तर "दुर्बिणीतून बघून करता येईल का" एवढं जरूर विचारा.

माझी हिस्टरोस्कोपी झोपेचं इंजेक्शन न देता झाली. कुठे कापत नाहीत, टाके नसतात. आत सलाईनचं पाणी सोडलं की ओटीपोटात कळ येते, पाळीच्या पहिल्या दिवशी येते तेवढी, नंतर ओसरते. स्क्रीन माझ्या डाव्या बाजूला होता. फिकट गुलाबी भिंत, तिच्यावर बारीक लाल रेषा आणि वरच्या कोपऱ्यात देठावर लटकलेला पॉलिप, पाण्याच्या धारेबरोबर हलत होता. डॉक्टरांनी "हा बघा, यानेच डाग लागला" म्हटलं आणि काढून फॉर्मालिनच्या डबीत टाकला, करंगळीच्या नखाएवढा. ज्यांना फार भीती वाटते किंवा पिशवीचं तोंड घट्ट असतं त्यांना भूल देऊन करतात, तेही सोपं आहे, फक्त भूलतज्ज्ञांना गोळीचं नाव आधी सांगायचं.

डबीवर तुमचं नाव, वय, तारीख आहे का ते बघा. लॅबच्या फॉर्मवर "टॅमॉक्सिफेन चालू" आणि किती वर्षं हे लिहिलंय का तेही बघा, नसेल तर लिहायला लावा. तुकडा मायक्रोस्कोपखाली बघणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असणं फार गरजेचं असतं. घरी आल्यावर थोडे दिवस डाग राहतो. ताप आला, घाण वास आला किंवा रक्त वाढलं तर फोन करा.

८. रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट एकट्या गायनॅकला दाखवून थांबू नका, ऑन्कोलाही दाखवा, कारण गोळी बदलायची का ते तेच ठरवणार.

"ॲट्रॉफिक" किंवा "सिस्टिक ॲट्रॉफी" म्हणजे अस्तर सुकलेलं आहे, चांगली बातमी. "बिनाइन पॉलिप" म्हणजे साधा, काढला की विषय संपला, पण परत होऊ शकतो. "हायपरप्लेझिया" म्हणजे अस्तर प्रमाणाबाहेर वाढलंय, आणि त्यापुढे "विदाऊट एटिपिया" लिहिलंय की "विथ एटिपिया" यात जमीन-अस्मानाचा फरक. एटिपिया म्हणजे पेशींचं रूप बिघडलेलं असणं. विदाऊट असेल तर लक्ष ठेवून उपचार होतात, गोळीबद्दल चर्चा होते. विथ असेल तर पुढे कॅन्सर होण्याची शक्यता बरीच असते आणि तेव्हा पिशवी काढण्याचा सल्ला योग्य असतो. कॅन्सर निघाला तर सुरुवातीच्या स्टेजला ऑपरेशनने बहुतेक जणी बऱ्या होतात.

पाळी खात्रीने गेलेली असेल तर टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोलवर जाता येतं का हा प्रश्न या टप्प्यावर विचारण्यासारखा आहे.

९. "पिशवीच काढून टाका ना, कटकट नको"

हे तुम्हाला सासूबाई सांगतील, शेजारची सांगेल, कधी कधी डॉक्टरही सांगतील. मला एका ठिकाणी नुसत्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर, बायोप्सी न करता, ऑपरेशनची तारीख द्यायला निघाले होते. आपल्या राज्यात गरज नसताना बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याचा प्रश्न किती मोठा आहे ते बीडच्या ऊसतोड बायकांमुळे सगळ्यांसमोर आलं, २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. नुसती जाडी जास्त आहे, त्रास काही नाही, बायोप्सी नाही, यावर पिशवी काढायला होकार देऊ नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, शक्य असेल तर जिथे ऑन्को आणि गायनॅक एकाच छताखाली आहेत अशा ठिकाणी. पिशवी काढली तरी टॅमॉक्सिफेनचे गुठळ्यांसारखे बाकीचे धोके राहतातच.

१०. या गोष्टी न विचारता घेऊ नका

सणासाठी, लग्नासाठी, सत्यनारायणासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी. ती हार्मोनचीच असते. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो म्हणून ती निरुपद्रवी होत नाही, आपल्याला तर अजिबात चालत नाही.

रक्त थांबवायची ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी. जास्त पाळीसाठी सर्रास देतात, पण गुठळ्यांचा धोका आधीच वाढलेला असताना ऑन्कोला विचारल्याशिवाय नको.

गरम वाफा किंवा उदास वाटण्यासाठी पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन. ही औषधं टॅमॉक्सिफेनचं शरीरात कामाच्या रूपात होणारं रूपांतर अडवतात. मानसोपचाराच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितलं की ते व्हेनलाफॅक्सिनसारखं दुसरं देतात. औषध घेत असाल तर अचानक बंद मात्र करू नका.

कोरडेपणासाठी इस्ट्रोजेनचं क्रीम, पिशवीत बसवायची हार्मोनवाली मिरेना, आणि "लेडीज टॉनिक" म्हणून मिळणारी शतावरी किंवा सोयाची कॅप्सूल, ही पण याच यादीत.

११. गोळी संपल्यावर

शेवटची स्ट्रिप संपली की फाइलच्या पहिल्या पानावर गोळी सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. अस्तरावरचा परिणाम गोळी थांबवल्या दिवशी संपत नाही, त्यानंतरही काही वर्षं धोका थोडा वाढलेला राहतो, त्यामुळे पुढे कधीही डाग लागला तर नवीन गायनॅकला पहिलं वाक्य हेच सांगायचं: "मला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, मी इतकी वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलंय." घरातल्या एका माणसालाही हे वाक्य सांगून ठेवा आणि फाइल कुठे ठेवलीय ते दाखवून ठेवा.